प्लेगची कादंबरी लिहिता लिहिता साथ दारात आली : ओरहान पामुक, २०२० आणि आपलं १८९७

निळी_शाई

हा धागा तीनदा लिहायला घेतला आणि तीनदा अर्धा सोडला. आज पुरा करते.

ओरहान पामुक हे नाव इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. इस्तंबूलचा कादंबरीकार, २००६ चं नोबेल. कोरोना आला तेव्हा हा माणूस प्लेगवरची एक कादंबरी लिहीत होता. साथ आली म्हणून सुचलेली नव्हे, चार वर्षं आधीपासून हातात असलेली. काळ १९०१. जागा मिंगेरिया नावाचं पूर्व भूमध्य समुद्रातलं एक काल्पनिक बेट, ऑटोमन साम्राज्याचा एक प्रांत. तिथे प्लेग येतो. सुलतान अब्दुल हमीद आपला रसायनतज्ज्ञ बोंकोव्स्की पाशा याला पाठवतो, त्याचा खून होतो, मग डॉक्टर नूरी नावाचा तरुण क्वारंटाईन लावायला उतरतो आणि लोक ऐकत नाहीत. 'नाइट्स ऑफ प्लेग' या नावाने इंग्रजीत आलेली हीच ती कादंबरी. तुर्की आवृत्ती मार्च २०२१ मध्ये निघाली, एकिन ओकलापचा इंग्रजी अनुवाद २०२२ मध्ये.

आता तारखा बघा. ११ मार्च २०२० ला तुर्कस्तानात पहिला रुग्ण जाहीर झाला. त्यानंतर दहा दिवसांत ६५ वर्षांवरच्या सगळ्यांना घराबाहेर पडायला बंदी. पामुक तेव्हा ६७ वर्षांचा होता. ज्याने आयुष्यभर इस्तंबूलच्या गल्ल्या तुडवल्या, रात्री-अपरात्री रस्त्यावरच्या दिव्यांचे फोटो काढत हिंडला, त्याच्यावर उंबरा ओलांडायची बंदी. आणि टेबलावर काय? क्वारंटाईनची कादंबरी.

तो हाताने लिहितो, शाईच्या पेनाने, चौकटीच्या वहीत. इस्तंबूलच्या जिहांगीर भागातल्या त्याच्या घरातून बोस्फोरसची सामुद्रधुनी दिसते. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याने त्याच बाल्कनीतून पाच महिन्यांत साडेआठ हजारांच्या आसपास फोटो काढले होते, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचे. म्हणजे एका जागी बसून बघत राहणं त्याला नवीन नव्हतं. नवीन होती ती भीती.

त्या भीतीचीच गोष्ट मला सांगायची आहे. एप्रिल २०२० मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला. त्यात तो म्हणतो की मित्र, नातेवाईक, संपादक सगळे त्याला प्रश्न विचारून भंडावत होते, कारण साथींचा अभ्यास केलेला ओळखीतला माणूस हाच. प्लेगवर लिहिणारे जुने लेखक, डॅनिएल डेफो आणि मान्झोनी, त्याने वाचले होते. साथ आली की सत्ताधारी आधी नाकारतात, आकडे लपवतात, लोक अफवा पसरवतात, परक्याला दोष देतात, हे सगळं त्याला पाठ होतं. आणि तरीही नंतरच्या मुलाखतींत तो सांगतो की मी माझ्या पात्रांपेक्षा जास्त घाबरलो. गाठीच्या प्लेगने लागण झालेल्यांतला फार मोठा वाटा मरायचा, कोरोनात तसं नव्हतं, तरी पात्रं कमी घाबरलेली आणि लेखक जास्त. चार वर्षं कागदपत्रं वाचून जे हाताला लागलं नव्हतं ते त्या काही आठवड्यांत लागलं. मग त्याने ती भीती कादंबरीत घातली, आणि क्वारंटाईन म्हणजे काय हे समजावणारा मजकूर कमी केला. वाचकाला आता ते समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. कारण माझ्या कपाटातही एक वही होती.

२०१८ पासून मी १८९७ च्या पुण्यावर लिहायचा प्रयत्न करत होते. मी काही लेखिका वगैरे नाही, बँकेतून निवृत्त झाले आणि हौस म्हणून सुरुवात केली. पामुकची १९०१ ची साथ आणि आपली १८९७ ची साथ एकच, हे इथे सांगायला हवं. प्लेगची ही तिसरी जागतिक साथ. १८९४ मध्ये हाँगकाँग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला, जिथे डॉ. अकासियो व्हिएगास या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. तिथून पुणे. मिंगेरियावर जो प्लेग उतरतो त्याचा एक पाय आपल्या मांडवी बंदरात आहे. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला, आणि मार्च २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने लावला तो तोच कायदा. रँड, घरझडत्या, गोरे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत शिरणं, सेग्रेगेशन कॅम्प, २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र, हे सगळं आपण शाळेत शिकलो. मी त्याच्या पुढे जाऊन वाचलं. नकाशे काढले. कुठल्या पेठेत झडती कधी झाली याचा तक्ता केला.

आणि वहीच्या बाविसाव्या पानावर लिहिलं होतं : 'अज्ञानामुळे लोक आजारी माणसाला लपवून ठेवत.'

एप्रिल २०२१ मध्ये आईला ताप आला. तिसऱ्या रात्री ऑक्सिमीटरवर ९१, मग ८९, मग परत ९१. मी तिचं बोट माझ्या तळहातावर धरून तो लाल आकडा बघत बसले होते. बोट गार पडलं की आकडा उतरतो असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी ते चोळायचे आणि परत लावायचे. बेडसाठी फोन चालूच होते. आणि त्या रात्री मी आणखी एक गोष्ट केली जी आजवर कुणाला सांगितली नाही. आमच्या इमारतीत मी कुणाला कळू दिलं नाही. शेजारच्या काकूंनी दाराबाहेरून विचारलं, 'आई खोकतायत का गं?' मी म्हटलं, 'ठसका लागला.' कारण मला ठाऊक होतं, उद्या दारावर कागद लागेल, कामाच्या बाई बंद होतील, दूधवाला खालीच पिशवी ठेवून जाईल, आणि आईला कुठे घेऊन जातील ते आपल्या हातात राहणार नाही. दोन दिवस लपवलं.

मी पदव्युत्तर शिकलेली बाई. यात अज्ञान कुठे होतं?

आई वाचली. काकूंना मी नंतर खरं सांगितलं, पायांवर डोकं ठेवलं. बाविसावं पान मी फाडलं नाही, त्या वाक्यावर फक्त एक रेघ मारली. त्यानंतर वही उघडली नव्हती. पामुकचं ते वाचल्यावर उघडली.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. ही कादंबरी कुणी वाचली असेल तर तिच्यातली भीती तुम्हाला खरी वाटली का, ते सांगा. आणि तुमच्या घरात प्लेगची काही आठवण असेल, पणजी-खापरपणजीची, कितीही लहान, तर ती इथे लिहा.

पानगळ

ताई, सगळं वाचलं. काकूंचा प्रसंग वाचून पोटात कालवलं. आम्हीही लपवलं होतं, एवढंच लिहिते.

शनिवारपेठी

कादंबरी वाचली आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो. पहिली दोनशे पानं मला जड गेली. जवळपास सातशे पानांचं पुस्तक आहे आणि पामुकने ते इतिहासाच्या पुस्तकासारखं लिहिलंय. निवेदिका इतिहासकार आहे, ती डॉक्टर नूरीची बायको, राजकन्या पाकिझे, हिने बहिणीला लिहिलेल्या पत्रांवरून सगळं रचते. त्यामुळे मरणारं माणूससुद्धा आपल्याला पत्रातून, दुरून दिसतं. भीती खरी वाटली का? काही ठिकाणी फार खरी. लोक काखेत, जांघेत हात घालून गाठ आहे का ते चाचपत राहतात, ती पानं मी विसरणार नाही. २०२० मध्ये सकाळी उठल्यावर आपण पहिलं काय करायचो? कॉफीचा वास येतोय का बघायचो. तीच गोष्ट.

पण पुस्तकाचा अर्धा जीव राजकारणात आहे. क्वारंटाईन अमलात आणता आणता एक बेट साम्राज्यापासून सुटतं आणि नवं राष्ट्र उभं राहतं, त्याचे झेंडे, त्याच्या दंतकथा. यावरूनच तुर्कस्तानात त्याच्याविरुद्ध तक्रार झाली, की कामिल हे पात्र म्हणजे आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याची बदनामी. चौकशी लागली. पामुकने आरोप नाकारला. २००५ मध्येही त्याच्यावर खटला भरला गेला होता, तेव्हा हे त्याला नवीन नाही. साथीत घरात कोंडलेला, बाहेर पडला तर अंगरक्षक, आणि पुस्तक आल्यावर सरकारी वकिलापुढे. कादंबरीकाराचं २०२०-२१ असंही होतं, हे धाग्यात यायला हवं होतं.

निळी_शाई

@शनिवारपेठी, बरोबर आहे, ते राहिलं. मी माझ्या वहीच्या डोळ्यांनी वाचत होते. पत्रांच्या दुरावण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पाकिझे खोलीत बंद आहे, नवरा बाहेरून जे सांगतो ते ती लिहिते. लॉकडाऊनमध्ये आपणही जग असंच ऐकत होतो ना, दुसऱ्याच्या तोंडून, फोनवर?

इझमीरहून_मराठी

मी त्या काळात कामानिमित्त इस्तंबूलला होतो, म्हणून दोन शब्द.

१० एप्रिल २०२० ची रात्र मला आठवते. शुक्रवार. रात्री दहाच्या सुमारास जाहीर झालं की मध्यरात्रीपासून दोन दिवस संचारबंदी. ३१ प्रांतांत. लोक जे मिळेल ते अंगावर चढवून खाली धावले. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीपुढे रांग नव्हतीच, घोळका होता. ज्या गर्दीला भिऊन बंदी, तीच गर्दी दोन तासांत उभी राहिली. आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठला भाषण झालं आणि लोक किराणा दुकानांवर तुटून पडले, ते व्हिडिओ आईने मला पाठवले होते. तेव्हा इथे बसून मला तिची काळजी वाटली, मग तिला माझी.

आणखी एक. इथे पाहुणा आला की त्याच्या हातावर लिंबाचं कोलोन्या ओततात, आपल्याकडे अत्तर-गुलाबपाणी असतं तसं. जुनी रीत. मार्च २०२० मध्ये सगळं शहर त्या वासाचं झालं, कारण त्यात अल्कोहोल असतं. दुकानांत बाटल्या मिळेनाशा झाल्या. आमच्या जिन्यातल्या ७८ वर्षांच्या आजोबांना बाहेर जायची बंदी होती. ते दाराच्या फटीतून हात बाहेर काढून माझ्या हातावर कोलोन्या ओतायचे आणि मग पावाचे पैसे द्यायचे. पाव मी आणून द्यायचो. रात्री नऊला सगळे खिडकीत येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायचे, तेव्हा त्यांच्या टाळ्या भिंतीपलीकडून ऐकू यायच्या.

पामुकचं वय बघितलं की मला त्या दाराच्या फटीतला हात दिसतो.

सुमनमावशी

किती सुंदर लिहिलंत, इझमीरहून. डोळे भरून आले.

रानवाटा

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. बोस्फोरस दिसणाऱ्या बाल्कनीत बसलेल्या नोबेलविजेत्याची भीती आपण एवढी का जपतोय? त्याच मार्च-एप्रिलमध्ये मुंबईहून, पुण्याहून माणसं मुलं खांद्यावर घेऊन चालत निघाली होती. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर भाकरी विखुरल्या होत्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला. मी जालना जिल्ह्यातला आहे. ती माणसं जालन्याहूनच निघाली होती. साथीची कादंबरी लिहायची तर त्या भाकरीवरून लिहावी. घरात सुरक्षित बसलेल्या लेखकाला काय कळणार?

निळी_शाई

@रानवाटा, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. मीही घरातच होते, दोन खोल्या, नळाला पाणी, पेन्शन. माझी भीती आणि रुळांवरून चालणाऱ्याची भीती एक नाही.

पण पामुकने जे केलं त्यात मला एक गोष्ट मोलाची वाटते. त्याला स्वतःच्या भीतीवरून कळलं की आपण दुसऱ्यांची भीती कमी लिहिली होती. ती त्याने स्वतःबद्दलच्या पुस्तकात नाही घातली. ती त्याने १९०१ च्या कोळ्यांना, हमालांना, मशिदीतल्या शेखला, पळून जाणाऱ्या कुटुंबांना दिली. माझ्या वहीत १८९७ चे जे लोक आहेत ते सगळे पेठांतले, वाड्यांतले आहेत. तुमच्या प्रतिसादानंतर मी तक्ता परत बघितला. त्यात झाडूवाले नाहीत, कॅम्पात राबणारे नाहीत, प्रेतं उचलणारे नाहीत. प्लेगच्या पुण्यात ते असणारच. माझ्या वहीत नाहीत.

आणि एक बाई आहे जिच्याबद्दल मी पान कोरं ठेवलंय, लिहायचं धाडस होत नाही. सावित्रीबाई. मुलगा यशवंत डॉक्टर, हडपसरजवळ माळावर त्यांचा दवाखाना. सावित्रीबाई आजारी माणसांना तिथे आणत होत्या. प्लेगच त्यांना लागला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वय ६६. भीती त्यांना नव्हती असं मी म्हणणार नाही. आता तर मुळीच म्हणणार नाही.

रानवाटा

धन्यवाद ताई. झाडूवाल्यांचं पान लिहिलंत तर वाचायला आवडेल. कॅम्प, पाणी, सरणाचं लाकूड यांबद्दल आमच्याकडे जुन्या लोकांत काही ऐकलं असेल तर विचारून सांगतो.

रात्रपाळी

मी २०२० मध्ये एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. नाव सांगत नाही.

भीतीबद्दल एक सांगते, लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल. पीपीई किट घातल्यावर आपण एकमेकींना ओळखायचो नाही, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापलं नाव नीट लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात काही जणींनी नावाखाली घरचा फोन नंबर लिहायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी त्यावर बोललंही नाही. मी पण लिहिला.

कादंबरी वाचलेली नाही. वाचेन की नाही माहीत नाही. पण कुणीतरी हे नीट लिहावं असं वाटतं.

निळी_शाई

@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

भायखळा_३

अवांतर वाटेल, पण नाही. मी परळला राहतो, हाफकिन संस्थेपासून चालत दहा मिनिटं. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. जुन्या लोकांत 'टोचून घेणं' हाच शब्द होता, आजीपर्यंत. लोक टोचून घ्यायला घाबरायचे, टोचल्याने माणूस मरतो, नपुंसक होतो अशा अफवा. २०२१ मध्ये मी लसीकरण केंद्रावर स्वयंसेवक होतो तेव्हा हीच वाक्यं माझ्या कानांनी ऐकली. एक शब्दही बदललेला नव्हता. 

निळी_शाई, अजून एक मुद्दा तुमच्या वहीसाठी. १८९७ मध्ये पिसवांचं कुणाला पक्कं माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेतून प्लेग जातो हे १८९८ मध्ये दाखवलं, आणि तेही लगेच कुणी मानलं नाही. म्हणजे रँडचे लोक घरं धुवत होते, कार्बोलिक ओतत होते, कपडे-अंथरुणं जाळत होते, भिंतींना चुना लावत होते, आणि उंदीर शेजारच्या घरात जात होते. ज्यांनी जबरदस्ती केली त्यांनाही नेमकं काय करतोय ते कळत नव्हतं. आपण २०२० मध्ये भाज्या साबणाच्या पाण्यात धुतल्या, ते आठवा. तुमच्या अधिकाऱ्यांच्या पात्रांतही ही चाचपड दिसू द्या. पामुकचा डॉक्टर नूरी मला त्यामुळेच आवडला, त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावर तो उभा राहतो.

शनिवारपेठी

@भायखळा_३, मुद्दा मान्य. तरी चाचपड एका बाजूला आणि बायकांना रस्त्यावर उभं करून तपासणं दुसऱ्या बाजूला. रँडला अज्ञानाचा फायदा देताना ते विसरायला नको.

भायखळा_३

विसरत नाहीये. दोन्ही एकाच माणसात होतं, एवढंच म्हणतोय.

पानगळ

वुहानच्या फांग फांग या कादंबरीकार बाईंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शहर २३ जानेवारी २०२० ला बंद झालं, ७६ दिवस. २५ जानेवारीपासून त्यांनी रोज इंटरनेटवर रोजनिशी लिहिली, साठ नोंदी. वय ६४, घरी एक म्हातारा कुत्रा. भाजी कशी आली, कोण गेलं, हवा कशी होती, कुणाला बेड मिळाला नाही. नोंदी काढून टाकल्या जायच्या, लोक परत चढवायचे. काळाचा धुळीचा एक कण एकट्या माणसाच्या डोक्यावर पडला की त्याचा डोंगर होतो, या अर्थाचं त्यांचं वाक्य चीनभर गेलं. नंतर परदेशात पुस्तक निघणार कळल्यावर त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं.

पामुकला साथ कादंबरीत ओतायला वर्ष मिळालं. फांग फांगना रात्रीपर्यंतचाच वेळ होता. त्या कादंबरीकार असून कादंबरी लिहीत बसल्या नाहीत, याचं मला जास्त कौतुक वाटतं. ताईंनी ऑक्सिमीटरच्या रात्रीबद्दल जे इथे लिहिलं ते मला वहीतल्या १८९७ इतकंच महत्त्वाचं वाटतं. ते वेगळं, तारखेसकट लिहून ठेवा.

निळी_शाई

@पानगळ, तारीख लिहून ठेवली. १७ एप्रिल, शनिवार.

जुनी_ओवी

नमस्कार. सहसा फक्त वाचते, लिहीत नाही. पण प्लेगची आठवण मागितलीत म्हणून.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. माझ्या आजीच्या सासूबाई, म्हणजे माझी पणजी, लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची. आमच्याकडे 'गाठीचा ताप' म्हणायचे. घरात उंदीर पडला की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या बांधून राहायचं, महिना-दीड महिना. आजी सांगायची, झोपडीत जाताना देव, मीठ आणि विस्तव एवढं आधी न्यायचे.

एका वर्षी झोपडीत जायच्या आधीच धाकट्या दिराला गाठ आली. आठ-नऊ वर्षांचं पोर. तपासणीची माणसं तालुक्याहून आली होती आणि शेजारच्या आळीत मुक्कामाला होती. पोर तापात ओरडायचं. बोलायचं काहीबाही. सासूने त्याला आतल्या खोलीत कणगीमागे निजवलं आणि पणजीला सांगितलं, तू दळायला बैस. ती रात्रभर दळत बसली, मोठ्याने ओव्या म्हणत, म्हणजे पोराचा आवाज बाहेर जाऊ नये. पहाटेकडे जोंधळे संपले. तरी जातं थांबवायचं नव्हतं. मग ती रिकामं जातं ओढत राहिली. रिकाम्या जात्याचा आवाज वेगळा येतो, दगडावर दगड. तिला भीती वाटत होती की बाहेरच्याला तो फरक कळेल. म्हणून ती अंगणातली माती मुठीने घालत होती, असं आजी सांगायची.

पोर सकाळी गेलं.

आजीने ही गोष्ट मला दोनदा सांगितली, दोन्ही वेळेला तिने मातीपाशी थांबून हाताने मूठ करून दाखवली. मला वाटायचं गोष्ट सांगताना हात हलतोच. आता कळतं की पणजीने तिला तशी दाखवली असणार.

सुमनमावशी

काय लिहू. नमस्कार त्या पणजीला.

रात्रपाळी

🙏

निळी_शाई

@जुनी_ओवी, मी हे संध्याकाळी वाचलं, आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तक्ता, नकाशे, झडतीच्या तारखा सगळं टेबलावरून उचलून खाली ठेवलं.

तुमची परवानगी असेल तर ही रात्र मला माझ्या वहीत हवी आहे. नाव, गाव काही येणार नाही. हे पुण्यातलं नाही, ते मी तसंच ठेवेन, ओढून पेठेत आणणार नाही. माझ्या पुस्तकातली एक बाई साताऱ्याकडून आलेली आहे, तिची आठवण म्हणून येऊ शकेल. नको असेल तर तेही मोकळेपणी सांगा.

एकच विचारायचं आहे. त्या जात्याचं पुढे काय झालं, ते आजी कधी बोलल्या का?

जुनी_ओवी

घ्या ताई. लिहून झालं की मला तेवढं पान वाचायला द्या.

जातं होतं घरात, मी लहानपणी पाहिलंय. परसात, तुळशीशेजारी. वरची तळी उलटी ठेवलेली होती, खुंटा काढून टाकलेला. त्यात पाऊस साठायचा आणि चिमण्या प्यायला यायच्या. पणजीने त्या जात्यावर परत कधी दळलं नाही, शेजारी जाऊन दळून आणायची. आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं का ते. फक्त त्यावर बसायचं नाही, एवढं माहीत होतं.